केसरीनाथ सरांचं "पुन्हा!"

"तो डोळ्यांत नाय बघत. तोंडाकडं बघतो. दात मोजतो जसा," दीपेश म्हणाला आणि क्षितिजाच्या हातातला घास ताटात परत गेला.

दीपेश तिचा चुलतभाऊ. गेल्या वर्षी बारावीच्या इंग्रजी तोंडी परीक्षेत केसरीनाथ सरांनी त्याला नापास केलं होतं. यंदा तो तिच्याच वर्गात होता. सरांची दहशत सगळ्या कामतघरला माहीत होती. मुलगा कवितेचा अर्थ सांगायचा. सर ओरडायचे, "पुन्हा!" मुलगा मान खाली घालून पुटपुटायचा. "पुन्हा!" तिसऱ्या वेळी तो कविता, कवी आणि स्वतःचं नावही विसरायचा.

"चुकलं काय, तेच नाय कळलं," दीपेश म्हणाला. "उच्चार असंल. साहेबाचा उच्चार मागतो तो."

क्षितिजाला ठाण्याला बी.एस्सी. करायची होती. पण इंग्रजीत गेली की बारावी गेली, आणि बारावी गेली की आनंदीआत्या वज्रेश्वरीचं स्थळ घेऊन तयारच होती.

सराव तर करायला हवा होता. घरात ती इंग्रजीत बोलायला लागली की आत्या तोंडाला पदर लावून हसायची. वडिलांच्या, म्हणजे महादूच्या कारखान्यात मात्र कापड विणणारे लूम धडधडत असत. तिथे कोणी हसलं तरी ऐकू येणार नव्हतं. कापडाच्या ताग्यांजवळ उभी राहून ती बेंबीच्या देठापासून कविता समजावू लागली.

पण लूमवाल्यांपासून काही लपत नाही. त्या खडखडाटात वर्षं काढलेली माणसं बोलणं ऐकत नाहीत, बघतात. महादू जवळ आला आणि तिच्या कानाशी ओरडला, "ओठ नीट हलव गो! अर्धा शब्द गिळतंस!"

"बाबा, तुम्हाला इंग्रजी कुठं कळतं?"

"इंग्रजी नाय कळत. गिळलेलं कळतं!"

मग ती शब्द न् शब्द ओठांवर मांडू लागली, तोही लूमच्या वरताण आवाजात. आठवडाभर.

परीक्षेच्या सकाळी आईने विचारलं, "चहा घेतंस ना?" क्षितिजाने तोंड उघडलं. हवा आली, आवाज आला नाही.

आईने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध पाजलं. धामणकर नाक्यावर रिक्षातून उतरेपर्यंत घसा तसाच. कॉलेजच्या शिपायाला तिने चिठ्ठी लिहून दाखवली. तो म्हणाला, "परीक्षा नाय दिली तर शून्य. बस तिथं."

तेवढ्यात आतून दीपेश बाहेर आला. चेहरा धुतलेल्या कापडासारखा.

"तीनदा," एवढंच तो म्हणाला.

क्षितिजा आत गेली. केसरीनाथ सर खुर्ची पुढे ओढून तिच्या तोंडाकडे रोखून बघू लागले. खरंच दात मोजत असावेत.

"कवितेतली नदी कशासाठी आहे?" ते इंग्रजीत गरजले.

रडायचं की पळायचं ते तिला ठरवता येईना. सवयीने ओठ मात्र हलले. नदी, काळ, न परतणारं पाणी, सगळं तिने नीट मांडलं. खोलीत फक्त पंख्याची करकर होती. आता "पुन्हा!" येणार म्हणून तिने डोळे मिटले.

"उत्तम!" सर ओरडले. "इतकं स्वच्छ इंग्रजी या वर्षी कोणी बोललं नाही!"

तिने डोळे उघडले. हे मार्क चुकीचे ठरून परत गेले तर? तिने गळ्याकडे बोट केलं आणि ओठांनीच सांगितलं, "सर, माझा आवाज गेलाय."

सर दचकले. त्यांनी दाराकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. मग खुर्ची आणखी पुढे ओढून त्यांनी कधी नव्हे तो आवाज खाली आणला.

"घरी लूम हाय?"

तिने होकाराची मान हलवली.

"मी पण लूमवर राबूनच शिकलो. कान तिथंच राहिले," सर म्हणाले. "कॉलेजला कळलं तर घरी बसवतील. पोरी, बाहेर कोणाला सांगू नको हां!"

क्षितिजाचे ओठ हलले, "सांगू कशी, सर?"

सरांना ते पहिल्या वेळीच कळलं.