करंगळीची कृपा

वहिनींच्या जुन्या कॉम्प्युटरने अगदी वेळ साधली. सकाळी बटण दाबलं, आतून एक उसासा ऐकू आला आणि पडदा काळा पडला तो पडलाच. नेमका त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत नमुना पाठवायचा होता.

नमुना म्हणजे आवाजाचा. वहिनी पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायच्या. ते केंद्र बंद झालं आणि त्यांचा आवाज घरी बसला. पुढे एका बोलत्या पुस्तकांच्या कंपनीकडून विचारणा आली. एका भांडखोर एकत्र कुटुंबाची जाडजूड कादंबरी वाचायची होती. पहिला नमुना ऐकून संपादिकाबाई म्हणाल्या होत्या, "वाचन स्वच्छ आहे हो, पण तुमची सगळी माणसं एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलतात. आजोबा चिडलेत की हवामानाचा अंदाज सांगतायत, तेच कळत नाही. परत एकदा पाठवून बघा." हे 'परत एकदा' शेवटचं आहे, हे वहिनींनी ओळखलं होतं. आवाजाला गंज चढेल आणि मग कुणी विचारणार नाही, ही धास्ती त्यांनी घरात कुणालाही बोलून दाखवली नव्हती.

"नवीनच घेऊ," वहिनींचे यजमान म्हणाले, आणि वर विचारलं, "कोणता घ्यायचा?"

हा प्रश्न या घरात मोठ्याने विचारायचा नसतो. यजमान विमा कार्यालयात, पक्के विंडोजपंथी. धाकटे भाऊजी जाहिरातींची चित्रं करणारे, कट्टर मॅकपंथी. अर्ध्या तासात जेवणाच्या टेबलावर एकीकडे यजमानांचा काळा लॅपटॉप आणि दुसरीकडे भाऊजींचा पांढरा, असे दोन पैलवान समोरासमोर उभे राहिले. सासरे अण्णा कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची मधोमध ओढली.

"दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणार नाही," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पण निकाल मागितलाय कुणी?" वहिनी म्हणाल्या. "मला फक्त तीन पानं वाचायचीत. कुठलंही एक द्या."

भाऊजी चपळ. त्यांनी पांढरा वहिनींच्या हातात ठेवला. "आज याच्यावर कर, वहिनी. एकदा वापरलंस की दुसरीकडे बघणार नाहीस."

वहिनी बेडरूममधल्या कपाटात बसून वाचायच्या. टांगलेल्या कपड्यांमुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. त्यांनी पांढरा मांडीवर घेतला, माइक जोडला आणि तीन पानं मन लावून वाचली. शेवटी रेकॉर्डिंग थांबवायला सवयीप्रमाणे करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या कळेकडे नेली. जुन्या मशीनवर ती कळ कोपऱ्यात होती. पांढऱ्यावर तिचं काम करणारी कळ अंगठ्याजवळ असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. करंगळीने आपलं कर्तव्य केलं, पांढऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

तो तसाच, माइकसकट, त्यांनी टेबलावर आणून ठेवला. टेबलावर तोवर कुरुक्षेत्र झालं होतं.

"शोभेची वस्तू आहे ती!" यजमान ओरडत होते. "घराची बिलं भरायची, अर्ज छापायचे, रोजचं काम काय करणार त्याच्यावर?"

"रोजचं काम? दादा, तुझ्या मशीनचा पंखा सुरू झाला की गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं!"

"शांत! साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये!" हे अण्णा.

वहिनींनी डोक्याला हात लावला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. परत येऊन त्यांनी ट्रे ठेवला, सगळ्यांना एका वाक्यात झाडलं, तोवर भाऊजींना कामावरून बोलावणं आलं. "वहिनी, लवकर पाठव, मला मशीन न्यायचंय." मग काय, ऐकून बघायला उसंत कुठली. भाऊजींनीच घाईघाईने दोन-चार कळा दाबल्या, वहिनींनी पत्ता सांगितला आणि नमुना गेला.

संध्याकाळी फोन वाजला.

"अहो, कुठे लपवून ठेवलं होतंत हे सगळं?" संपादिकाबाईंना दम लागला होता. "पहिली तीन पानं जाऊ द्या. पण पुढचं! ते दोन भाऊ! आणि तो म्हातारा काय काढलाय हो तुम्ही! एका बाईच्या गळ्यातून इतके आवाज? आणि आमच्या कादंबरीत नसलेला प्रसंग स्वतः रचलात? काम तुमचंच. उद्या सविस्तर बोलू."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. भाऊजी परत आल्याबरोबर सगळे पांढऱ्याभोवती बसले आणि लावलं. कुरुक्षेत्र जसंच्या तसं ऐकू आलं. मग वहिनी चहा टाकायला गेल्या, तिथून पुढचा भाग सुरू झाला. तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"तुला कळत नाहीये," यजमानांचा आवाज होता, थोडा खाली आलेला. "काळा बिघडला तर मी बसून दुरुस्त करून देईन तिला. त्या पांढऱ्यातलं मला ओ का ठो कळत नाही. तिचं काम अडलं तर मी काय नुसता बघत बसू?"

"आणि तुझ्या पंख्याची घरघर तिच्या रेकॉर्डिंगमध्ये आली म्हणून काम गेलं तर?" भाऊजी म्हणत होते. "मी चित्रकला शिकावी म्हणून या घरात माझ्या बाजूने एकटी वहिनी भांडली होती. विसरलास?"

मग अण्णांनी घसा खाकरला. "दोघंही गप्प बसा. ती कपाटात वाचते ना, तेव्हा मी टीव्ही बंद करून दाराबाहेर खुर्ची टाकतो. कुठलं मशीन घ्यायचं ते घ्या. तिचं वाचणं थांबता कामा नये, एवढंच माझं म्हणणं."

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. अण्णा छत न्याहाळत होते. वहिनींचे डोळे भरून आले. एवढे दिवस आपली धास्ती आपणच सांभाळतोय असं त्या समजत होत्या, आणि इथे घरातल्या प्रत्येकाने तिचा आपापला वाटा उचललेला होता. या माणसांचे आभार कसे मानायचे, तेच त्यांना सुचेना.

"आता पुढे काय?" यजमानांनी विषय बदलला. "त्यांना वाटतंय हे सगळे आवाज तूच काढलेस."

"मग काढ की!" अण्णांना हुरूप आला. "माझा आवाज मी शिकवतो. म्हण, 'शांत! साक्षीदाराने...'"

वहिनींनी तसंच म्हणून दाखवलं.

"हे काय? मी एवढा केकाटतो का?"

"याहून जास्त, अण्णा," दोन्ही मुलगे एकसुरात म्हणाले. या घरात त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मन घट्ट करून फोन लावला आणि करंगळीपासून सगळं खरं खरं सांगून टाकलं. हातातलं काम आपण आपल्याच तोंडाने घालवतोय, हे त्यांना कळत होतं. संपादिकाबाईंनी मध्येच अडवलं.

"म्हणजे तो म्हातारा खरा आहे?"

"हो. सासरे माझे."

"बरं, आणि शेवटी एक बाई चहा घेऊन येते. म्हणते, 'भांडा हो खुशाल, पण कप फुटला तर दोघांना एकाच बशीत चहा प्यावा लागेल.' ती कोण?"

"ती... ती मीच."

"मग माझी तक्रार काय आहे? पूर्ण कादंबरी मला त्याच बाईच्या तोंडून ऐकायचीय. बातम्यांवाल्या बाईंना तेवढं घरी पाठवा."

वहिनींनी फोन ठेवला तेव्हा घरात नुसता जल्लोष झाला. भाऊजींनी पांढरा वहिनींकडेच ठेवला, यजमानांनी काळा शेजारी मांडला. निकाल राखून ठेवल्याचं अण्णांनी जाहीर केलं.

पहिल्या प्रकरणाला वहिनी कपाटात शिरल्या. या वेळी घर इतकं चिडीचूप होतं की नळसुद्धा दबकून गळत होता. यजमान पायमोजे घालून चवड्यांवर चालत होते, भाऊजी श्वास रोखून बसले होते. वहिनींनी एक पान वाचलं. हवामानाचा अंदाज. परत वाचलं. परत हवामानच.

शेवटी त्यांनी कपाटाचं दार किलकिलं केलं आणि डोकं बाहेर काढलं.

"अहो, ऐकलंत का? कोणता कॉम्प्युटर घ्यायचा ते अजून ठरलेलं नाहीये ना?"

"नाही," यजमान कुजबुजले. "का गं?"

"मग जरा मोठ्याने बोला ना त्याच्यावर. दार उघडंच ठेवते मी."