इंगोले सरांचे फडे

आमच्या गल्लीतले इंगोले सर घाटात शिट्टी वाजवतात. गाडी चालवताना नव्हे. गाडी त्यांना चालवता येत नाही, शिकायचीही त्यांना भीती वाटते. मागच्या सीटवर बसून, डोळे घट्ट मिटून, एका हातानं पुढच्या सीटची दांडी धरून ते प्रत्येक वळणावर गळ्यातली शिट्टी फुर्रर्र करतात. समोरून येणाऱ्या गाडीला कळावं म्हणून. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी हे वाजवतातच.

"हॉर्नचा काय भरोसा, बाई? वायर तुटली म्हंजे? शिट्टीले वायर नसते."

डोळे मिटलेले असताना वळण आलेलं कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. "पोटात गोळा आला का समजाचं, वळण आलं," सर म्हणाले.

आता हे गृहस्थ कोण, तर आमच्याच शाळेतले निवृत्त ड्रिलमास्तर. सहा फूट उंच, मिशा अशा की अमरावतीतली निम्मी पोरं त्या मिशांच्या धाकानं शिकली. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे मिशांमागचं गुपित मला ठाऊक होतं. क्रीडामहोत्सवात धावण्याच्या शर्यतीचा बार शिपाई उडवायचा आणि ड्रिलमास्तर कानांत बोटं घालून पाण्याच्या टाकीमागे उभे असायचे. कबड्डीच्या आधी ते दोन्ही संघांना विचारायचे, "जेवले का रे पोट्टेहो? उपाशीपोटी दम धरू नका, जिवाचं काई खरं नाई."

हे त्यांचं पालुपद. पाल दिसली, वीज गेली, दूधवाला उशिरा आला, तरी जिवाचं काई खरं नाई.

असा माणूस गेली तीन वर्षं दर गुरुवारी मेळघाटात जातो. डोंगरावर कोरकू लोकांचा आठवडी बाजार भरतो तिथं. गावाचं नाव मी लिहीत नाही. नाव छापलं तर लोक हौसेनं जातील, घाटात पडतील आणि ते पाप आपल्या माथी येईल, अशी सरांची ताकीद आहे.

त्यांचं निघणं हा एक सोहळाच असतो. पहाटे ते माझ्या दारात उभे राहतात. खांद्यावर पिशवी. तिच्यात तीन टॉर्च, जळवांसाठी मीठ, अस्वलासाठी तिखटाची पुडी, दोरी, कापूर, आणि कागदावर स्वतःचा रक्तगट. अस्वलाच्या डोळ्यांत तिखट टाकायचं तर अस्वलाच्या किती जवळ जावं लागेल, हा हिशेब सरांनी केलेला नाही. घराची किल्ली माझ्या हातात ठेवतात आणि म्हणतात, "बाई, सांगून ठेवतो. संध्याकाळी सातपर्यंत नाई आलो, तर मंजूले फोन करा. पण एकदम सांगू नका. आधी तिले बसाले सांगा."

मंजू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. पुण्याला नोकरी करते, रविवारी फोन करते. वहिनी जाऊन आठ वर्षं झाली. बाकी घरात सर आणि त्यांची भीती.

संध्याकाळी सर सुखरूप परततात आणि हातात एक फडा असतो. शिंदीच्या पानांचा झाडू, अंगण झाडायचा. दर गुरुवारी एक. एका माणसाला किती फडे लागतात? त्यांचं घर भरलं, मग गल्ली भरली. माझ्याकडे नऊ आहेत. शेजारच्या नव्या सुनेला तोंड पाहायची भेट म्हणून फडा मिळाला, तेव्हा तिच्या सासूनं सरांशी महिनाभर अबोला धरला. गल्लीत तर्कांना ऊत आला होता. कोणी म्हणे सर नवस फेडतात, कोणी म्हणे वर कुणीतरी ठेवली आहे. मी हसायचे, पण विचारलं कधीच नाही. याची आता लाज वाटते.

यंदा दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला, पण प्याले नाहीत.

"बाई, या गुरुवारी तुमी चाला माह्यासंग."

"मी? काहून?" त्यांच्याशी बोलताना माझी भाषाही घसरते.

"एकट्याच्यानं होऊन नाई राहिलं. अन् हा शेवटचा बाजार हाय."

मग त्यांनी जे सांगितलं, ते सांगताना एकदाही पालुपद म्हटलं नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी ते शाळेची सहल घेऊन डोंगरावर गेले होते. वहिनी आणि पाच वर्षांची मंजू सोबत होत्या. दिवाळीनंतरचा तो घुंगरू बाजार. वर्षभर गावाची गुरं राखणारे थाट्ये त्या दिवशी सजूनधजून, पायांत घुंगरं बांधून बाजारभर नाचतात, बासऱ्या वाजवतात, दुकानादुकानांतून ओवाळणी मागतात. त्या गर्दीत सर दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून चाळीस पोरं मोजत होते. चाळीसच्या चाळीस भरली. मंजूचा हात मात्र सुटला होता.

"तासभर, बाई. तासभर मी कसा फिरलो ते माह्यं मले माईत."

मंजू सापडली ती फडे विकणाऱ्या एका कोरकू बाईपाशी. मांडीवर बसून सीताफळ खात होती. पण तिचे पाय मोकळे होते. चांदीचे वाळे नव्हते. सरांनी पाहिलं, तर वाळे त्या बाईच्या पदराच्या गाठीत.

"मी शिट्टी वाजवली," सर म्हणाले. "चोर, चोर म्हणून बोंबललो. माणसं धावली. पोट्टेही धावले, माहेच शिकवलेले. तिचे फडे पायाखाली तुडवले. ते काईतरी सांगत होती तिच्या भाषेत. मी आयकलंच नाई. वाळे हिसकले, पोरीले उचललं, अन् पयालो."

गाडी घाट उतरू लागली तेव्हा मंजू म्हणाली की गर्दीत वाळे पडतील, म्हणून त्या फडेवाल्या आजीनं काढून बांधून ठेवले होते. आणि तेव्हाच सरांना तिच्या गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ दिसली. मंजू रडत होती, म्हणून त्या बाईनं आपल्या गळ्यातली काढून घातलेली.

"चोर म्हनलं तिले, अन् तिची माळ मी घेऊन आलो. गाडी फिरवाले पायजे होती. नाई फिरवली. मले भीती वाटली."

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते डोंगरावरचा एकेक बाजार पालथा घालत राहिले. तीन वर्षांपूर्वी ती दिसली. फुलमाबाई तिचं नाव. तेव्हापासून दर गुरुवारी सर रुमालात गुंडाळलेली माळ घेऊन जातात, समोरच्या चहाच्या टपरीवर बसून धीर गोळा करतात, तिच्यापुढे जाऊन उभे राहतात आणि एक फडा विकत घेऊन परत येतात. गेल्या गुरुवारी तिची नात म्हणाली, आजीचे गुडघे गेले, नजरही अधू झाली. घुंगरू बाजारानंतर ती बसणार नाही.

"वाघ समोर आला तर काय कराचं, ते मी वाचेल हाय," सर म्हणाले. "तिच्यासमोर काय कराचं, ते मले माईत नाई."

परतवाड्यापर्यंत एसटी आणि पुढं काळीपिवळी जीप. दहा जणांच्या जीपमध्ये आम्ही सोळा. घाट लागला आणि सरांनी डोळे मिटले. मी खिडकीशी होते. सांगायला हरकत नाही, इतकी वर्षं ज्या भीतीला मी हसले ती पहिल्या तीन वळणांत माझ्या पोटात येऊन बसली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, फक्त खाली सागाचे शेंडे आणि धुकं. ड्रायव्हर एका हातानं फोनवर बोलत होता. मग रेंज गेली, तर तो फोनकडे बघत राहिला, रेंज परत येते का म्हणून. फुर्रर्र! सरांची शिट्टी वाजली तेव्हा पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

मध्ये एका वळणावर जीप बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडून बसला. सगळीकडे शांतता. आणि वरच्या उतारावर पाचोळा वाजू लागला. थांबून थांबून, जड पावलं पडावीत तसा. जीपमधलं एक लेकरूसुद्धा रडायचं थांबलं. सरांनी तिखटाची पुडी काढली, ती त्यांच्या हातात इतकी थरथरत होती की निम्मं तिखट आमच्यावरच सांडलं आणि सोळाही माणसं शिंकू लागली. उतारावरून एक काळ्या तोंडाचं वानर खाली आलं, आमच्याकडे तुच्छतेनं पाहून रस्ता ओलांडून गेलं.

"वानर होतं, सर."

"हाय बाप्पा. पण मागून काय येऊन राहिलं, ते कोनाले दिसते?" सर डोळे न उघडता म्हणाले. मी मागे पाहिलं. हसू आलं नाही.

जीप एकदाची सुरू झाली आणि आम्ही वर पोचलो. बाजार मात्र असा भरला होता की घाट विसरावा. डोक्याला मोरपिसांचे तुरे लावलेले थाट्ये, घुंगरांचा एकच नाद, बासऱ्या, सीताफळांच्या पाट्या, सुकी मासळी, बांगड्यांचे ढीग, लाल-हिरव्या लुगड्यांतल्या बाया. मला थांबून सगळं पाहायचं होतं. सर माझ्या पदराचं टोक धरून चालत होते. हो, धरूनच. गर्दीत हात सुटण्याची भीती त्या माणसाला कुठून आली, ते मला आता माहीत होतं.

टपरीवर एक चहा झाला, दुसरा झाला. समोर, पळसाच्या झाडाखाली, फड्यांच्या ढिगामागे ती बसली होती. कपाळावर गोंदण, वाळलेले हात, शेजारी नात. सर तिसरा चहा मागवू लागले, तशी मी कप काढून घेतला.

"सर, चार वाजता शेवटची जीप आहे."

"पुढच्या गुरुवारी—"

"पुढच्या गुरुवारी ती नाही."

ते उठले. सहा फुटांचा माणूस, पण त्या वीस पावलांच्या रस्त्यावर दोनदा थांबला. एकदा शिट्टी चाचपली, एकदा मागे वळून मी आहे का ते पाहिलं. तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं सवयीनं एक फडा पुढे केला. सरांनी सवयीनं तो घेतला. मला वाटलं, संपलं. हे आता पैसे देऊन उठणार.

पण त्यांनी फडा बाजूला ठेवला आणि रुमाल सोडला.

तिनं माळ डोळ्यांजवळ नेली. दिसेना, तेव्हा बोटांनी एकेक मणी चाचपला. बराच वेळ. थाट्यांची एक टोळी नाचत जवळून गेली, तरी तिनं मान वर केली नाही.

"छोरी कैसी है?" तिनं विचारलं.

सर म्हणाले, "अच्छी है. पुणे में है, नोकरी करते. बाई, उस दिन मैंने... मेरी गलती..."

"मालूम है."

"मालूम है?"

"तीन साल से मालूम है. इतने झाड़ू कोई लेता है क्या?" नात तोंडाला पदर लावून हसली. म्हातारी हसली नाही. "उस दिन रोई थी मैं. घर जाके बहुत रोई. फिर सोचा, बाप है, डर गया होगा."

"तो बोली क्यों नहीं?" हे मी विचारलं, न राहवून.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ये कितना डरता है, देखा ना? मैं बोलती तो भाग जाता. फिर आता ही नहीं."

मग तिनं सरांचा हात ओढला, माळ त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. "ये छोरी की है. मैंने दी थी. वापस क्यूँ लाया?"

सर तिथंच बसून रडले. ज्या मिशांना अमरावती घाबरली त्या मिशांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. म्हातारीनं शेजारच्या पाटीतलं एक सीताफळ फोडलं आणि अर्धं त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते खाल्लं. बिया कुठं थुंकाव्यात ते न कळून मुठीत धरून ठेवल्या. डोंगरावर संध्याकाळ लवकर होते, जीपवाला हाका मारायला लागला तेव्हा आम्ही उठलो.

परतताना उजेड उतरत होता. दरी आता काळी दिसत होती आणि सकाळपेक्षा भयंकर. पहिलं वळण आलं. सरांनी डोळे मिटले, एका हातानं दांडी घट्ट धरली, पण शिट्टी वाजली नाही. मी पाहिलं, तर दुसरी मूठ त्यांनी छातीशी धरली होती. तिच्यात माळ होती.

"सर, वळण."

"हो, पोटात आलं," ते म्हणाले. मग गळ्यातली दोरी मला काढता यावी म्हणून मान माझ्याकडे झुकवली. "शिट्टी तुमी वाजवा, बाई. माहा हात रिकामा नाई."

मी दोरी त्यांच्या गळ्यातून काढली, डोळे घट्ट मिटले आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली.