शेलारभाऊंचा बरणीतला समुद्र

शेलारभाऊंच्या समुद्रात मी खायचा सोडा टाकला. तीन बरण्या होत्या, तिन्हीत टाकला. दुजाभाव नको म्हणून.

लोणावळ्यात आमच्या शेजारी राहणारे शेलारभाऊ मावळातल्या शेतकऱ्याच्या घरातले. पवना धरणापलीकडे पाणी न पाहिलेल्या गावातून उठून या गृहस्थाने जन्म घालवला तो समुद्रातल्या शेवाळावर. तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या, अंगावर चुन्याचं चिलखत चढवणाऱ्या. निवृत्त होऊन आले ते कॅनमध्ये समुद्राचं पाणी घेऊनच. "काय भाऊ, बरं आहे ना?" विचारलं, की स्वतःचं कधी सांगत नाहीत. "दोन नंबर जरा मलूल हाय," म्हणतात.

दोन नंबर म्हणजे दुसरी बरणी. तिच्यात ते सोडावॉटरवाल्याच्या सिलिंडरमधला वायू सोडतात. धुराड्यांतून निघणारा हाच वायू पिऊन समुद्र आंबट होत चाललाय म्हणे, आणि आंबट पाण्यात शेवाळाला चिलखत घडवणं जड जातं. इथवर मला कळलं. मग भाऊंनी साध्या पाण्याच्या एक नंबरात आणि या दोन नंबरात शेवाळाला मारणारा विषाणू सोडला. म्हणजे दोन नंबर आधी मरणार ना? तर म्हणे, सांगता येत नाही; कधीकधी आंबट पाण्यात विषाणूच मंदावतो. मग आंबट चांगलं की वाईट?

"त्ये कळलं असतं तर मला झोप न्हाई का लागली असती?"

मला एवढंच उमगलं, की कुणाला तरी अ‍ॅसिडिटी झालीय. ती मलाही आहे, आणि सोड्याने उतार पडतो. मला बरण्यांपाशी बसवून भाऊ दूध आणायला गेले, तेवढ्यात मी घरून चमचा घेऊन आलो.

परतल्यावर मी केलेलं सांगितलं, तरी भाऊ ओरडले नाहीत. आधी त्यांनी तिसरी बरणी उचलली. बियाणं राखावं तसं निरोगी शेवाळ तिच्यात राखलेलं होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. मग त्यातला थेंब ताज्या समुद्राच्या पाण्यात सोडला.

"काई जिती वाटत्यात. बघू."

पुन्हा मागवता येईल ना, असं मी चाचरत विचारलं.

"लॅब बंद झाली तवा समदे मोरीत ओतत व्हते. एवढं मी खिशात घालून आणलं." बरणी पुसत म्हणाले, "सकाळी उठून बघाया घरात दुसरं जितं हाय कोण?"

म्हटलं, उद्यापासून मी रोज येत जाईन, सोबतीला.

त्यांनी बरणीवर झाकण ठेवलं.

"या की. फक्त, काई समजलंय असं वाटाय लागलं, की लगीच घरला जायाचं."