गोकुळाबाईंनी चूल न पेटविल्याची हकीकत

शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सर, पौषमासी, चांदा जिल्ह्यात गडचिरोलीनजीकचे मासेमार इस्तारीराव सहकुटुंब वनविहारास निघाले, ते समयी कैसा रणप्रसंग ओढवला आणि फत्ते कोणाची जाहली, ते वर्तमान सावधचित्ते ऐकावे.

इस्तारीरावांचे घरी मासोळी नित्य येई, आणि ती खरवडून, चिरून, रांधून वाढण्याचा अंमल लग्नापासोन त्यांचे कुटुंब गोकुळाबाई यांजकडे होता. त्यात रजा म्हणोन कधी मिळाली नाही. सबब वनविहाराची मसलत निघताच बाईंनी फर्माविले की, त्या दिवशी मासोळी नाही, चूल नाही, गूळपोहे खाऊन आपण पाण्यात पाय सोडून बसणार. इस्तारीरावांनी बैलाचे शिंगास हात लावून तह कबूल केला आणि जाळे घरीच ठेविले. सासूबाई चंदाबाई, ज्यांचा हुकूम घरात अव्वल, त्यांनी तहास रुकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. तंबाखू चोळीत राहिल्या.

मग छकडा जुंपोन, त्यात लेकरे भरोन, सागाचे रान मागे टाकीत स्वारी पळसबोडीचे तलावावर दाखल जाहली. गोकुळाबाईंनी काठचे खडकावर बैठक मारली, पाय पाण्यात सोडिले आणि डोळे मिटिले.

इतक्यात चंदाबाई ओरडल्या, "इस्तारी, तिकडं पाह्य! केवढी मरळ!"

इस्तारीरावांस तहाचे स्मरण होते; परंतु हात शिवशिवला, त्यास काय करावे? धोतर खोचून पाण्यात उडी घातली, आणि शेवाळात लोळोन, नाकातोंडात पाणी जाऊन, अखेर ती मरळ मासोळी छातीशी कवटाळून बाहेर आले. तह मोडला.

चंदाबाईंचा हुकूम सुटला, "सुने, ऊठ. खवले काढ."

"नाई," गोकुळाबाई वळून न पाहता बोलल्या. "आज मी नाई."

सासूचे हुकमास ऐसे उत्तर त्या घराण्यात कोणी दिले नव्हते. मग इस्तारीराव स्वतः वकिलीस आले आणि काकुळतीने म्हणाले, "अवं, सडन ना ते."

"ज्यानं धरली, त्यानं रांधावी."

वकिली फसली. तेव्हा इस्तारीरावांनी दगडाने खवले खरवडिले, त्यात मरळ दोनदा हातातोन निसटोन मातीत पडली. ओली लाकडे पेटविता धुराने डोळे गळू लागले. मीठ आणिलेच नव्हते. अखेर पळसाचे पानांत गुंडाळोन मासोळी निखाऱ्यात घातली.

चंदाबाई हे सर्व पाहात होत्या. मग उठल्या आणि खडकाकडे चालल्या. आता हल्ला होणार, ऐसे जाणोन गोकुळाबाईंनी मान ताठ केली. चंदाबाईंनी लुगडे सावरिले, सुनेशेजारी बसल्या आणि आपलेही पाय पाण्यात सोडिले. मग बोलल्या, "मलेबी आजलोग कोनी रांधून नाई वाढलं, बाई."

गोकुळाबाईंनी किंचित सरकोन जागा दिली.

मासोळी वरून करपली, आत कच्ची राहिली. इस्तारीरावांनी भीत भीत पाने मांडिली. मुंडके घरधन्याचे, ऐसा मान वडिलांपासोन चालत आला. त्यांनी ते आपले पानी घेतले. चंदाबाईंनी हात लांबवून ते उचलिले आणि सुनेचे पानावर ठेविले. इस्तारीरावांनी आईकडे पाहिले आणि शेपटीचा तुकडा आपले पानी ओढिला.

फत्ते जाहली. मुंडके कच्चे होते. गोकुळाबाईंनी ते शेवटपर्यंत चोखून खाल्ले.