अबोलांचे अभिप्राय

सन २०१८ चा डिसेंबर महिना. थंडी नुकतीच स्थिरावली होती आणि आमच्या घरी एक अगदी किरकोळ निर्णय झाला. यजमानांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले होते; आधी डावा, मग काही आठवड्यांनी उजवा. दोन्ही डोळे नीट बरे होईपर्यंत मोबाइलकडे ढुंकूनही पाहायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. तेव्हा मी म्हणाले, "तुमचा मोबाइल मी सांभाळीन." (संकटे मोठ्या वाक्यांतून येतात, असा माझा तोवर समज होता.)

आमचे हे वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला आणि निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत हे कवी झाले. 'ओळीत ओळ' नावाच्या, मोबाइलवर चालणाऱ्या एका कविसमूहात त्यांनी 'अबोल' हे टोपणनाव घेतले. (दूध घालायला येणाऱ्या माणसालाही जे अर्धा तास दारात उभे करतात, ते हे अबोल.) समूहाचे चालक म्हणजे आमच्याच कोपऱ्यावरचे औषधवाले. समूहात एक दंतवैद्य बाई होत्या, त्यांचे टोपणनाव 'वेदना'. स्वतःच्या व्यवसायाबद्दल इतके प्रामाणिक टोपणनाव माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

या समूहाचे पहिले संमेलन फेब्रुवारीत वाचनालयाच्या सभागृहात भरायचे होते. तिथे सहाच कवींना प्रत्यक्ष माइकसमोर कविता वाचायला मिळणार होती. त्या सहांत आपण असावे, एवढीच यांची एक हौस उरली होती. न्हाणीघरात शाम्पूची बाटली तोंडापुढे धरून सराव चाले. दाराबाहेर उभे राहिले असता कविता कधीच ऐकू येत नसे, फक्त "धन्यवाद, धन्यवाद" एवढे स्पष्ट ऐकू येई. कविता मला मुद्दामच ऐकवीत नसत. एकदा ऐकवली होती, तेव्हा मी लाल पेन आणायला उठले होते.

डाव्या डोळ्यावर पट्टी बसली त्या संध्याकाळी मी चष्मा पुसून यांच्या उशाशी बसले आणि वेदनाबाईंची कविता मोठ्याने वाचू लागले. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच हे म्हणाले,

"लिही. वा! अप्रतिम!"

"अहो, अजून सहा कडवी आहेत."

"म्हणूनच म्हणतो, आत्ताच लिहून टाक."

"न ऐकता?"

"अगं, त्या तरी माझी कुठे वाचतात? त्या 'सुंदर' म्हणतात, मी 'अप्रतिम' म्हणतो. मी गप्प बसलो तर त्याही गप्प बसतील. मग मला संमेलनात कोण घेणार?"

"पण हे खोटं झालं."

"याला दाद म्हणतात."

आमच्या मॅट्रिकच्या काळी रसग्रहण लिहिण्यापूर्वी कविता वाचावी लागत असे. जे वाक्य मला खरे वाटत नाही ते माझ्या बोटांतून उतरेना. तेव्हा यांची बडबड चालू असतानाच मी सहाही कडवी मनातल्या मनात वाचून काढली आणि लिहिले, "पहिल्या कडव्यात आसवांचा पूर आहे, दुसऱ्यात महापूर, तिसऱ्यात सागर. सहाव्या कडव्यापर्यंत वाचक बुडून मेलेला असतो. कृपया दुसऱ्या कडव्यात थांबावे."

"लिहिलंस का?" यांनी विचारले.

"लिहिलं."

(मी लिहिले होते. काय लिहिले, हे त्यांनी विचारले नाही.)

असे रोज चालले. हे पट्टीआडून "वा! अप्रतिम!" म्हणत आणि मी मला जे वाटे ते लिही. समूहात एक शिंपी होते. त्यांच्या बावीस ओळींच्या कवितेवर मी लिहिले, "उसवलेल्या काजाबद्दलच्या दोन ओळी तुमच्या आहेत. बाकीच्या वीस दुसऱ्याच्या मापाच्या वाटतात." सकाळी पाहते तो काय, शिंपीबुवांनी वीस ओळी कापून टाकल्या होत्या आणि उरलेल्या दोन पुन्हा पाठवल्या होत्या. खाली लिहिले होते, "अबोलजी, आता अंगात बसते आहे." वेदनाबाई तीन दिवस रुसल्या. चौथ्या दिवशी दोनच कडव्यांची कविता आली. ती मी दोनदा वाचली आणि तसे लिहिलेही. त्यानंतर समूहात रीघच लागली. जो तो अबोलजींना विनवू लागला, 'माझीही कविता जरा कठोरपणे बघा ना!'

"बघितलंस?" हे उशीला टेकून म्हणाले. "दाद दिली की दाद मिळते."

मी फोडणी पाहायला उठून आत गेले.

आता या समूहाची एक रीत सांगणे भाग आहे. दर गुरुवारी औषधवाले एक कविता कवीचे नाव न घालता टाकीत. रविवारपर्यंत सर्वांनी निर्भीड मत द्यायचे, मग नाव जाहीर व्हायचे, आणि ज्या अनामिक कवितांना चांगली मते पडतील त्या कवींना संमेलनात स्थान. यांनी आपली कविता ऑपरेशनपूर्वीच, डोळ्यांचे थेंब आणायला गेले असता, औषधवाल्यांच्या हातात गुपचूप दिली होती. मला याचा पत्ता नव्हता.

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन गुरुवारी होते. हे आत टेबलावर आणि मी बाहेरच्या बाकावर. काळजीने जीव थाऱ्यावर नव्हता, आणि मन कशात तरी गुंतवावे म्हणून मी मोबाइल उघडला. समोर अनामिक कविता, 'माझी सहचरी'. तिच्यात पत्नीचे डोळे हरिणीचे होते, मान हंसाची, चाल हत्तीची आणि आवाज कोकिळेचा. पती घरी आला की ती लाजून पदराआड होत असे.

काळजीत माणसाची जीभ धारदार होते. (माझी एरवीही असते.) मी लिहिले, "ही पत्नी नसून प्राणिसंग्रहालय आहे. या कवीने आपल्या पत्नीकडे शेवटचे कधी पाहिले, हे त्याने स्वतःला विचारावे. तिला चष्मा आहे का? रागावली की ती काय करते? एवढे ज्याला सांगता येत नाही त्याने पत्नीच्या वाटेस न जाता चंद्रावर लिहावे. चंद्र तक्रार करीत नाही." मग आतून परिचारिकेने हाक मारली. ऑपरेशन उत्तम झाले होते. त्या आनंदात मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि विसरून गेले.

रविवारी संध्याकाळी कणीक मळून हात धुतले आणि मोबाइल पाहिला. औषधवाल्यांनी जाहीर केले होते, "या गुरुवारचे अनामिक कवी आहेत, आपले अबोल."

मी तिथेच स्टुलावर बसले. वेदनाबाई प्रथम सावरल्या. "स्वतःच्या कवितेवर असा प्रहार! अबोलजी, तुम्ही थोर आहात." पाठोपाठ हात जोडल्याच्या चित्रांचा वर्षाव झाला. आणि सर्वांत शेवटी चालकांचा निर्णय आला, "खुद्द कवीच्याच मताचा मान राखून ही कविता संमेलनाच्या यादीतून वगळण्यात येत आहे."

हे यांना कसे सांगावे, याचा विचार मी रात्रभर केला. सकाळी तो विचार पक्का होण्याच्या आतच औषधवाले थेंबांची नवी बाटली घेऊन स्वतः दारात हजर झाले. हे खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. मी चहा ठेवायला आत गेले, पण कान बाहेरच होते.

"अबोलजी, काय लिहिलंत हो! वाचताना अंगावर काटा आला."

"अहो, कसलं काय," हे विनयाने म्हणाले, "जे मनात आलं ते उतरवलं."

"आम्हाला नाही बुवा असं जमायचं. स्वतःची कातडी सोलायची म्हणजे!"

"त्याशिवाय कविता होत नाही."

"ते प्राणिसंग्रहालय वाचलं आणि मी गल्ल्यावरच हसत सुटलो. गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं."

"प्राणिसंग्रहालय?"

"आणि तो चंद्र! चंद्र तक्रार करीत नाही! वा!"

"कुठला चंद्र? माझ्या कवितेत चंद्र नाहीये."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. औषधवाल्यांनी यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. चाणाक्ष माणूस. चहा न घेताच गेला.

मी सगळे सांगितले. काही लपवले नाही, काही सौम्य केले नाही. ते ओरडतील म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडक्याही आधीच लावून घेतल्या होत्या. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले,

"ती कविता तुझ्यावर होती."

"मला ओळखू आलं नाही हो."

"हं," ते म्हणाले. "तेच लागलं मला."

त्यानंतर दोन दिवस घरात कोणी बोलले नाही. दूधवाला दारात रेंगाळला, कोणी अडवत नाही असे पाहून बिचारा काळजीने विचारून गेला, "साहेबांचं बरं आहे ना?"

तिसऱ्या दिवशी मी समूहावर माझ्या स्वतःच्या नावाने (म्हणजे 'अबोलांची पत्नी' या नावाने) लिहिले की, डिसेंबरपासूनचे सर्व अभिप्राय माझे आहेत, यजमानांनी प्रत्येकाला "वा! अप्रतिम!" असेच सांगितले होते; माझ्या आगाऊपणाची शिक्षा त्यांना होऊ नये. 'पाठवा' हे बटण दाबून मी मोबाइल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी सूनबाईंचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते, पण तिलाही या समूहात यांनी ओढलेले होते.

"आई, तुम्ही वाचलंत का?"

"नाही. किती शिव्या आहेत?"

"एक पण नाही. शिंपीकाकांनी लिहिलंय की वहिनींनी माझ्या वीस ओळी कापल्या तेव्हापासून गिऱ्हाइकं कविता ऐकून घेतात. आणि वेदनाबाई म्हणतात, ज्या माणसाने आम्हाला असा वाचक दिला त्याला आठ दिवसांची मुदत द्या. नवी कविता आली तर सहावी जागा त्यांची."

हे शेजारच्या खोलीतून ऐकत होते. काळा चष्मा काढून दारात आले. त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही डोळे मोकळे केले होते.

मोतीबिंदू निघाला की माणसाला प्रथम घरातली धूळ दिसते, असे मी ऐकून होते. यांना मी दिसू लागले. मी भाजी निवडायला बसले की समोर येऊन बसत.

"तुझ्या भुवईवर हा व्रण कसला?"

"अहो, तीस वर्षं झाली त्याला. कपाटाचं दार लागलं होतं."

"मी कुठे होतो?"

"कपाटाचं दार तुम्हीच उघडलं होतं."

मी चालले की मागे, मी बसले की पुढे. चष्मा कुठे ठेवते, रागावल्यावर कोणती भांडी आपटते, कोणती आपटत नाही (काचेची आपटत नाही), सगळ्यांवर नजर. एरवी मी दुसऱ्याला तपासते. आपल्याला कोणी तपासू लागले की किती अवघडायला होते, हे मला या वयात कळले. कविता त्यांनी लिहिली, औषधवाल्यांना दिली, मान्य झाली, आणि मला दाखवली नाही. मीही मागितली नाही. लाल पेन स्वतः होऊन नातीला रंगवायला पाठवून दिले.

सभागृह भरले होते. मी पहिल्या रांगेत बसले. सहाव्या क्रमांकाला हे उठले, माइक जरा जास्तच जवळ घेतला आणि म्हणाले, "कवितेचं नाव, ती." मग वाचू लागले.

"ती दुसऱ्यांच्या घरातलीही
तिरकी तसबीर सरळ करते.
बातम्या देणाऱ्याला 'हळू वाच' म्हणते,
आणि तो ऐकत नाही म्हणून
माझ्यावर चिडते.
औषधाच्या प्रत्येक डबीवर तारीख घालते,
माझ्यावर घालायची तेवढी राहिली.
रात्री गॅस बंद आहे का, ते दोनदा बघते,
आणि मग, मी झोपलो असं समजून,
माझ्या नाकाशी बोटं धरून
श्वास चालू आहे का, ते एकदा."

(मला इतकी वर्षे वाटत होते, हे झोपलेले असतात.)

टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. यांना "धन्यवाद" म्हणायचे सुचलेच नाही, इतका सराव करूनही. मी रुमालात तोंड लपवले. ती रविवारची संध्याकाळ होती, १७ फेब्रुवारी २०१९, आणि हे सारे प्रकरण त्या संध्याकाळी एकदाचे निकालात निघाले.

बाहेर पडताना वेदनाबाईंनी माझा हात हातात घेतला. प्रत्यक्ष भेट पहिलीच.

"वहिनी, तुमचे अभिप्राय वाचून वाटायचं, तुम्ही फार कडक असाल. तुम्ही तर किती मऊ आहात! सासूबाईंच्या आठवणीने एवढं रडू आलं?"

"सासूबाईंच्या?"

"कवितेतल्या त्या त्यांच्या आईच ना? खाष्ट होत्या, पण लेकावर जीव केवढा! तुम्हाला फार सोसावं लागलं असेल हो."

माझ्या सासूबाई उभ्या जन्मात कोणाशी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. मी आजवर खोटे वाक्य लिहिले नाही, बोलले नाही. मी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"हो," मी म्हणाले, "त्याच त्या. हुबेहूब उतरल्या आहेत."

"होय ना?" वेदनाबाईंनी माझा हात थोपटला. "आता एकदा तुमच्यावरही काहीतरी लिहायला सांगा हो त्यांना."