दोन जावई आणि दोन बॅटऱ्या

सासऱ्यांची मोटारबोट मलाच मिळणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती! गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे त्यांनी ती एका जावयाला द्यायचं ठरवलं होतं. जावई दोन. एक मी आणि दुसरे माझे साडू, जे बोलायला लागले की समोरची भिंतसुद्धा जांभई देते. रविवारी माझी परीक्षा होती.

"जावईबापू, नीट ऐका," धक्क्यावरच सासऱ्यांनी शिकवणी सुरू केली. "एक नंबरची बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला. दोन नंबरची फ्रिज, दिवे, गाणी यांना. इंजिन चालू असताना स्विच 'दोन्ही'वर, म्हणजे दोघी चार्ज होतात. इंजिन बंद केलं की लगेच 'दोन'वर!"

"बाबा, तुम्ही निर्धास्त राहा!"

तळ्याच्या मध्यावर मी इंजिन बंद केलं. सासरे गळ टाकून पेंगू लागले. स्विचकडे माझा हात गेलाही होता, पण मनात आलं, एकीने मरमर राबायचं आणि दुसरीने नुसतं लोळायचं? हा कुठला न्याय! दोघींनी मिळून भार उचलला तर चैन दुप्पट वेळ चालेल. ठेवला स्विच 'दोन्ही'वरच. फ्रिज चालू, गाणी चालू, वर मोबाईल चार्जिंगला. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

थोड्या वेळाने गाणं रडवेलं झालं आणि बंदच पडलं. मी किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. आता तेवढंही नाही!

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. "स्विच कुठे आहे?"

"आहे ना बाबा, जागच्या जागी!"

मी घाईघाईने बायकोला फोन लावला. तिने मदतीला पाठवावं कोणाला? साडूंना! मित्राची बोट घेऊन ते विजयी मुद्रेने आले. इंजिन बंद करून त्यांनी आपली एकुलती एक बॅटरी वायरने आमच्या बॅटऱ्यांना जोडली आणि व्याख्यानाला उभे राहिले. "त्याचं काय आहे, बॅटरी म्हणजे..." व्याख्यान संपेना. तोवर आमच्या दोन उपाशी बॅटऱ्यांनी त्यांची बॅटरी चाटूनपुसून खाल्ली.

"हं, मारा किल्ली!"

आमची बोट ढिम्म. त्यांनी आपली किल्ली फिरवली. तिकडेही ढिम्म! मला इतका आनंद झाला, की आपणही अडकलोय हे मी विसरूनच गेलो.

पुन्हा फोन. या वेळी बायको आणि मेहुणी स्वतःच होडी वल्हवत आल्या. मध्ये खोक्यात चार्ज केलेली बॅटरी.

"सरका," बायको म्हणाली. तिने सगळं बंद केलं, एक नंबरची बॅटरी काढून नवी बसवली, आधी लाल वायर, मग काळी. मग स्विच 'एक'वर केला आणि किल्ली फिरवताच इंजिन गरजलं!

"तुला हे येतं?"

"लहानपणापासून! तुम्ही दोघांनी कधी बोलू दिलंत?"

सासऱ्यांनी किल्ली काढून घ्यायला हातसुद्धा पुढे केला नाही. "राहू दे गं तुझ्याकडेच. दोघी बहिणी मिळून चालवा."

मेहुणीने साडूंची बोट दोरीने मागे बांधली.

"आणि बाबा, ही होडी?" मी विचारलं.

"ती तुम्ही दोघे आणा," सासरे म्हणाले. "तिच्यात बंद पाडण्यासारखं काही नाही!"