टिटवीची पहिली खरी ओरड

एका जंगलात, बाळांनो, चोर होता एकच, पण ओरड फार होती. असं आपलं सरपंचांचं म्हणणं. सरपंच म्हणजे रानगवा, गवाआप्पा. जेवण झालं की आप्पा करंजाच्या सावलीत आडवे व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच टिटवी ओरडायची.

टिटवी काही हौसेनं ओरडत नव्हती. तिचं घर म्हणजे माळावरचा एक खळगा. ना दार, ना भिंत. त्यात चार अंडी. कोल्हा जवळ आला की ती जीव तोडून ओरडायची. सगळं जंगल मान वर करायचं आणि कोल्हा पळायचा. इतकं साधं होतं ते. पण आप्पांची झोप मोडायची ना! मग सभा भरली.

ग्रामसेवक होता साळिंदर. लेखणी अंगावरच उगवते, म्हणून त्याला नेमला होता. त्यानं नियम लिहिला. ओरड झाली की समिती येऊन पाहणी करील. चोर जागेवर सापडला तर ओरड खरी, नाही सापडला तर खोटी. तीन खोट्या झाल्या की चौथी ओरड लेखी परवानगीशिवाय करायची नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोल्ह्यानं जरा जास्तच डोलावली. हसताय काय? तोही गावकरीच होता.

सोमवारी दुपारी कोल्हा आला. टिटवी ओरडली, कोल्हा पळाला, समिती निघाली. समितीत कासवदादा होते, आणि समितीनं एकत्रच चालायचं असतं. ती पोचेपर्यंत ऊन कललं. खळग्यात चार अंडी आणि शेजारी टिटवी, एवढंच काय ते होतं. साळिंदरानं लिहिलं, खोटी.

"अहो, अंडी शाबूत आहेत, म्हणजे ओरड लागू पडली ना?" टिटवी म्हणाली.

"अंडी शाबूत आहेत, म्हणजे चोरी झाली नाही," साळिंदर म्हणाला. "चोरी नाही, तर ओरड कशाला, बाई?"

आणि त्यानं पान उलटलं.

मंगळवारी कोल्हा नुसतं तोंड दाखवून गेला. बुधवारीही तसाच. झाल्या तीन.

गुरुवारी तो आला ते अगदी सावकाश, पाहुण्यासारखा. टिटवी भर्रकन पंचायतीत गेली. जोरात बोललं तर ओरड धरतील, म्हणून तिनं हळू आवाजात सांगितलं की कोल्हा आलाय, माझी लेकरं जातील. आप्पांना खरंच वाईट वाटलं. मनानं ते वाईट नव्हते हो. त्यांनी अर्ध्या झोपेतून उठून स्वतः अर्ज काढून दिला. चोराचं नाव, येण्याचं कारण, आणि खाली चोराची सही.

टिटवी अर्ज घेऊन परतली. खळग्यात टरफलं होती. कोल्हा मिशा पुसत होता. पळाला नाही तो. आता कशाला पळेल?

"आणा इकडे, टिटवीबाई," तो म्हणाला. "माझ्यामुळे तुमचं काम अडायला नको."

आणि त्यानं झोकदार सही केली.

अर्ज तपासायला समिती आली तेव्हा कोल्हा तिची वाट बघत बसलेला. चोर जागेवर, सही जागेवर. साळिंदराला तर गहिवरूनच आलं.

"मिळाली परवानगी," आप्पा म्हणाले. "आता ओरडा, बाई."

टिटवी ओरडली. तशी ती आधी कधीच ओरडली नव्हती. साळिंदरानं लिहिलं, खरी.

सागाच्या पानावर तिला तसा दाखला मिळाला. तिनं तो खळग्यात ठेवला. अजून रोज ती त्याच्यावर उबवायला बसते.

तात्पर्य: मुलांनो, चोर दिसला म्हणून लगेच ओरडू नये, त्यानं चोर पळून जातो. त्याला निवांत जेवू द्यावं, त्याची सही घ्यावी आणि मग पोटभर ओरडावं. अशी ओरड कधी खोटी ठरत नाही, आणि थोरामोठ्यांची दुपारही मोडत नाही.